काठ सजले, पाण्याचे काय?

सहलीहून परतल्यावर "कशी झाली सहल?" असे कुणी विचारले की "छान झाली" म्हणून मोकळे व्हावे, अशी आपली रीत आहे. गेल्या डिसेंबरात आमच्या वर्गाची अभ्याससहल केरळात, आलप्पुळा येथे गेली होती. परतल्यावर चार दिवस मीही घरी, गल्लीत आणि कॉलेजात हेच उत्तर दिले. पाचव्या दिवशी मामा घरी आला. मी त्याला फोटो दाखवायला बसले. कालव्याचा नवा बांधलेला काठ, काठावरची फरसबंद पायवाट, ओळीने लावलेले दिवे. मामाने फोटो डोळ्यांजवळ धरून पाहिला आणि विचारले,

"काठ झकास आहे गं. पण पाणी हलतंय का?"

मला उत्तर देता आले नाही. दोन दिवस त्या काठावरून हिंडले, वहीभर टिपणे काढली, आणि पाणी वाहते की नाही हे काही पाहिले नव्हते. मामाने मात्र तेच आधी पाहिले. त्याची एक एकर भातशेती बळ्ळारी नाल्याला लागून आहे. पाणी हलले नाही तर काय होते, हे त्याला पुस्तकातून शिकावे लागलेले नाही.

त्या प्रश्नामुळे मी सहलीची टिपणे पुन्हा उघडली. त्यातून जे मनात आले ते या लेखात मांडते आहे. हे प्रवासवर्णन नाही. जुनी गावे पुन्हा सजवण्याची जी हौस आज सगळीकडे दिसते, तिच्याविषयी माझे मत आहे. ते कुणाला पटेल, कुणाला पटणार नाही.

आधी त्या गावाविषयी थोडे. जुन्या नकाशांत त्याचे नाव 'अलेप्पी' असे आढळते. आलप्पुळा या नावातल्या शेवटच्या अक्षराचा खरा मल्याळी उच्चार आमच्यापैकी एकाच्याही जिभेला जमला नाही, म्हणून आमच्यापुरते आम्ही 'ळ'वर भागवले. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला वेंबनाड तलाव आणि मधल्या वाळूच्या पट्ट्यावर गाव. त्रावणकोरचे महाराज कार्तिक तिरुनाळ रामवर्मा, म्हणजेच धर्मराजा, यांच्या कारकिर्दीत १७६२ साली येथे बंदर उघडले. राजा केशवदास या कर्तबगार दिवाणांचे नाव आजही या गावाच्या भरभराटीशी जोडले जाते. तलावाकडून समुद्राकडे जाणारे दोन समांतर कालवे गावातून खोदले गेले. एक वाडै कालवा आणि दुसरा कमर्शियल कॅनॉल. आतल्या मुलखातली मिरी, सुंठ, वेलदोडा, खोबरे नावांत भरायचे, कालव्याने थेट गावातल्या वखारींपर्यंत आणायचे आणि तेथून समुद्रावर जहाजात चढवायचे, अशी ती योजना. कालवा म्हणजे त्या काळचा मालधक्का आणि हमरस्ता दोन्ही.

कच्छ, गुजरात आणि मुंबईकडचे व्यापारी येथे येऊन राहिले. गावात जैन मंदिर आहे, गुजराती पेढ्यांच्या जुन्या इमारती आहेत आणि गौड सारस्वतांचे तिरुमल देवस्थानही आहे. १८५९ साली जेम्स डॅराग नावाच्या अमेरिकन माणसाने येथे काथ्याच्या पायपुसण्या आणि चटया विणण्याचा कारखाना काढला. त्यापाठोपाठ असे अनेक कारखाने निघाले. १८६२ साली दीपगृह उभे राहिले. समुद्रात शिरणारा लांबलचक लोखंडी धक्काही त्याच काळातला. त्याचे गंजलेले खांब आजही लाटांत उभे आहेत, आणि त्यांच्या पुढ्यात उभे राहून फोटो काढून घेण्यासाठी संध्याकाळी रांग लागते.

हे वैभव ओसरले कसे, हेही सांगायला हवे. रॉबर्ट ब्रिस्टो नावाच्या इंजिनिअरने कोचीच्या तोंडाशी आडवी पसरलेली वाळूची पट्टी कापून खोल मार्ग काढला. १९२८ साली मुंबईहून आलेले मोठे जहाज कोचीच्या आतल्या बंदरात शिरले. जहाजाला वादळवाऱ्यापासून आडोसा मिळत असेल तर ते उघड्या समुद्रात नांगर टाकून कशाला थांबेल? माल हळूहळू कोचीकडे वळला. पुढे रस्ते झाले, ट्रक आले. नावा कमी झाल्या आणि कालव्यात गाळ, जलपर्णी आणि गावाचे सांडपाणी साठू लागले. बंदर कोचीला गेले, कालवा मात्र जाऊ शकत नव्हता. तो तिथेच राहिला, घाण वाहण्यासाठी. खरे तर तेवढ्यासाठीही नाही, कारण तो वाहत नव्हता.

अलीकडच्या वर्षांत या गावाचा वारसा जपण्याचे काम सुरू झाले आहे. आम्हाला गाळ काढलेले, काठ बांधलेले कालव्याचे भाग दिसले. जुन्या इमारतींची डागडुजी झालेली दिसली. काथ्याच्या धंद्याचे संग्रहालय पाहिले. हे सारे नीटनेटके आहे आणि ज्यांनी केले त्यांच्याविषयी मला आदरच वाटतो. पडक्या वखारी पाडून तेथे व्यापारी संकुले बांधणे सोपे होते, ते त्यांनी केले नाही. आपल्या शहापुरात, वडगावात किती लाकडी माड्या आणि दगडी जोती गेल्या पंचवीस वर्षांत नाहीशी झाली, हे आठवले की या कामाची किंमत कळते.

परंतु मामाचा प्रश्न शिल्लक राहतो. पाणी हलते का?

टिपणे चाळताना मला आठवले की या प्रश्नाची दोन उत्तरे आम्ही एकाच गावात पाहिली होती. फक्त तेव्हा ती उत्तरे आहेत हे कळले नव्हते.

वाडै कालव्याच्या पूर्वेच्या अंगाला बोटींचा धक्का आहे. केरळ सरकारचे जलवाहतूक खाते १९६८ साली स्थापन झाले, त्याचे मुख्य कार्यालय याच गावात आहे. आपल्याकडे एस.टी. तशा तेथे या सरकारी बोटी. वेळापत्रक लावलेले, कंडक्टर तिकिटे फाडतो, भाडे अगदी थोडे. आम्ही त्या बोटीत बसलो तेव्हा शेजारी दप्तरे घेतलेली शाळेची मुले होती, तांदळाचे पोते घेऊन चाललेला एक म्हातारा होता, आणि डब्याची पिशवी मांडीवर ठेवून पेंगणारी एक नर्स होती. आमच्यासारखे बघे आम्हीच. बोट कालव्यातून तलावात शिरली, तलावातून कुट्टनाडच्या शेतांमधून गेली आणि दर पाच-दहा मिनिटांनी कुणाच्या ना कुणाच्या अंगणासमोर थांबत राहिली. तेथे पाणी हलत होते. बोटींच्या येण्याजाण्याने जलपर्णी बाजूला सरत होती. त्या धक्क्यावर दिव्यांचे नक्षीदार खांब नव्हते, बाकडी मोडकी होती, आणि तरीही माझ्या मते त्या गावातला सर्वांत जिवंत कालवा तोच होता.

पश्चिमेला, समुद्राच्या बाजूला गेल्यावर काठ सुंदर होत गेले आणि पाणी काळे होत गेले. नवी पायवाट, नवा कठडा, आणि खाली स्तब्ध पाणी. आमच्या भूगोलाच्या सरांनी तेथेच उभे राहून सांगितले होते की या कालव्यांना उतार जवळजवळ नाही. तलावाच्या पाण्याची चढउतार, पाऊस आणि भरती-ओहोटी यांच्यावरच त्यांचे वाहणे अवलंबून. त्यात कुट्टनाडची भातशेती समुद्रसपाटीच्याही खाली आहे. खारे पाणी पिकात शिरू नये म्हणून तण्णीरमुक्कम येथे तलावावर बंधारा बांधला. तो १९७६ साली सुरू झाला. उन्हाळी हंगामात त्याची दारे बंद करतात. भात वाचते, पण आतले पाणी कोंडते, आणि एरवी खाऱ्या पाण्याने मरणारी जलपर्णी फोफावते. म्हणजे एकाचे पीक वाचवायला केलेली सोय दुसऱ्याच्या दारी दुर्गंधी आणते. यात खलनायक कुणीच नाही. पण काठाला दगड लावून हा गुंता सुटणार नाही, एवढे तरी कुणालाही कळावे.

आता दुसरी गोष्ट. ती लिहावी की नाही, याचा मी बरेच दिवस विचार केला.

गावाबाहेर एका ठिकाणी काथ्याची दोरी वळण्याचे प्रात्यक्षिक होते. नारळाची सोडणे खाडीच्या पाण्यात कित्येक महिने कुजत घालायची, मग बडवून तंतू मोकळे करायचे, मग चाकावर पीळ देऊन दोरी वळायची. आपण ज्याला सुंभ म्हणतो तो असा तयार होतो. साठीच्या पुढची एक बाई पदरात काथ्या घेऊन उलटी चालत चालत दोरी वळत होती आणि आम्ही पन्नासजण तिचे फोटो काढत होतो. आमच्या कॉलेजच्या कन्नड विभागातल्या माझ्या मैत्रिणीची आई कासरगोडकडची, म्हणून तिला मल्याळम येते. तीच आमची दुभाषी. मी तिच्यामार्फत त्या बाईंना विचारले, "अम्मा, हे काम कुणाकडून शिकलात?"

"आईकडून. आईची आई कालव्यावर काथ्याच्या नावा उतरवायची," त्या म्हणाल्या. मग त्यांनी मला विचारले, "तुझे वडील काय करतात?"

मी म्हटले, "कापडाचा धंदा आहे."

हे खोटे नव्हते आणि खरेही नव्हते. माझे बाबा वडगावात दुसऱ्याच्या कारखान्यात यंत्रमागावर काम करतात. आई घरी कांड्या भरते. लहानपणापासून मी धोट्याच्या आवाजात अभ्यास केला आहे. वर्गातल्या सगळ्यांसमोर ते सांगायला माझी जीभ रेटली नाही. त्याच वेळी त्या बाईंच्या हातातली दोरी मध्येच तुटली. एक टोक माझ्याजवळ आले. मी ते उचलले आणि काय करते आहे हे कळायच्या आत, सूत तुटले की आम्ही मारतो तशी गाठ मारून मोकळी झाले. त्या बाई माझ्या हाताकडे बघतच राहिल्या आणि हसल्या. माझी मैत्रीण म्हणाली, "त्या म्हणतात, काथ्याला गाठ मारत नाहीत, नवा काथ्या आत घालून पीळ देतात. आणि त्या म्हणतात, हे बोट मागावरचं आहे."

मी काहीच बोलले नाही. त्या मात्र खूप बोलल्या. पूर्वी या कामावर घर चालत असे. आता लेकी या कामात आल्या नाहीत, यावेत असे त्यांनाही वाटत नाही. कालवा साफ केला हे चांगलेच झाले, म्हणाल्या. "पण आता नाव येत नाही. तुम्ही येता."

"तुम्ही येता." या दोन शब्दांत टोमणा नव्हता. आमच्या तिकिटातूनच त्यांना त्या दिवसाची मजुरी मिळत होती, हे त्या जाणून होत्या.

येथे माझे काही मित्र मला अडवतील. बसमध्ये त्यांनी अडवलेही. त्यांचे म्हणणे असे : पर्यटनाने पैसा येतो, त्यातून काठ साफ राहतात, मुलांना हॉटेलांत, हाऊसबोटींवर काम मिळते, काम गेलेल्या गावाने करायचे तरी काय? हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. हाऊसबोटीचेच उदाहरण घ्या. ती मुळात भात वाहणारी नाव. फळ्या खिळ्यांनी न ठोकता काथ्याच्या दोरीने शिवलेली. मालवाहतूक संपली तेव्हा ती सरपणात गेली असती. पर्यटकांमुळे ती बांधणारे सुतार टिकले. हे मी मान्य करते. बघे लोक नकोत, असे माझे म्हणणे नाही. मी स्वतःच त्यांतली एक होते.

माझे म्हणणे एवढेच आहे की क्रम चुकू नये. पाण्याकाठचे गाव पुन्हा उभे करायचे असेल तर आधी पाणी वाहते करावे, मग ते पाणी तेथल्या माणसांच्या रोजच्या उपयोगाला आणावे, आणि सगळ्यांत शेवटी दिवे लावावेत. आपल्याकडे दिवे पहिल्यांदा लागतात, कारण दिव्यांचे उद्घाटन करता येते. उपसलेल्या गाळाचे उद्घाटन कोण करणार? हा क्रम सांभाळता येतो, याचा दाखलाही त्याच मुलखात आहे. वेंबनाड तलावावरच वैकोम आणि तवणक्कडवु यांच्यामध्ये २०१७ सालापासून सौर ऊर्जेवर चालणारी प्रवासी बोट धावते. भारतातली तशी ती पहिलीच. ती बघ्यांसाठी काढलेली नाही. कामावर जाणाऱ्यांना पैलतीरी पोचवण्यासाठी आहे. लोक तिच्यात बसतात म्हणून तो जलमार्ग टिकेल. ज्या पाण्याची गावाला रोज गरज लागते, ते पाणी घाण झाले तर रोज कुणीतरी ओरडते. ज्याची गरज फक्त फोटोपुरती, ते फोटोत न दिसणाऱ्या ठिकाणी कुजत राहते.

आणि पाण्याइतकाच हातांचा विचार व्हावा. या काथ्या कामगारांची ओळख संग्रहालयातल्या चाकापुरती नाही. १९२२ साली याच गावात कामगारांनी आपली संघटना उभारली. १९४६ च्या ऑक्टोबरात जवळच्या पुन्नप्रा आणि वयलार येथे दिवाणांच्या राजवटीविरुद्ध उठलेल्यांत काथ्या कामगार होते, शेतमजूर होते, कोळी होते. त्यांतले कितीतरी गोळीबारात गेले. 'सुंभ जळला तरी पीळ जात नाही' अशी आपल्याकडे म्हण आहे आणि ती आपण हेकट माणसाला उद्देशून नाक मुरडून वापरतो. त्या गावात मला ती म्हण पहिल्यांदा मानाची वाटली.

आता घरी येते. बेळगावला कालवे नाहीत, पण बळ्ळारी नाला आहे. येळ्ळूर, अनगोळ, वडगाव, शहापूरच्या शिवारातून तो जातो. ज्या बासमतीच्या वासाचा आपण अभिमान सांगतो, ती याच शिवारातली. दर पावसाळ्यात नाला तुंबतो, पाणी भातात शिरते, रोपे कुजतात आणि माणसे दुबार लावणी करतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तर रस्ते आणि शेते एकच झाली होती. त्या वर्षी मामा दोन दिवस काही बोललाच नाही. नाल्यातला गाळ, झुडपे, वर टाकलेला भराव, शहराचे सांडपाणी, यांतले काहीही एका दिवसात आलेले नाही. आणि नाल्याने कधी शेताच्या मालकाची भाषा विचारलेली नाही. मराठी आणि कन्नड दोघांचेही भात तो सारख्याच निष्ठुरपणे बुडवतो.

आपल्याकडेही अधूनमधून ऐकू येते, नाल्याचा काठ बांधावा, पायवाट करावी, बाकडी टाकावीत, संध्याकाळी लोक फिरायला येतील. यावेत की! पण आलप्पुळ्याच्या पश्चिमेच्या काठावर उभे राहून आल्यावर मला त्या बाकड्यांची घाई वाटत नाही. पाणी अडते कुठे, हे आधी शोधू या. आणि हातमागाचे एखादे प्रदर्शन वडगावात कधी उभे राहिलेच, तर त्यात माग असेल, शहापुरी लुगडे असेल. पण आज मागावर उभ्या असलेल्या माणसाला महिन्याला काय मिळते, तेही तेथे लिहिलेले असावे. मी तरी यापुढे 'कापडाचा धंदा' असे सांगणार नाही.

उपदेश करून लेख संपवणे सोपे असते, म्हणून एक साधे काम सुचवते. परीक्षा आटोपल्यावर, मे महिन्यात, पहिला पाऊस पडण्याआधी आपण काही विद्यार्थ्यांनी येळ्ळूरपासून नाल्याच्या काठाने चालत यायचे. जेथे पाणी अडते तेथे थांबायचे, का अडते ते त्या शेताच्या मालकाला विचारायचे आणि वहीत लिहायचे. टिपणे मराठीत आणि कन्नडमध्ये, दोन्ही भाषांत काढू. पुढच्या अंकात दोन्ही विभागांत ती छापली जावीत, अशी संपादक मंडळाला विनंती आहे. माझी दुभाषी मैत्रीण तयार आहे. मामाही येतो म्हणाला आहे. तो नसेल तर निम्म्या जागा आपल्याला दिसणारच नाहीत.

ज्यांना यायचे असेल त्यांनी आपापल्या विभागाच्या संपादकांकडे नावे द्यावीत. जुन्या चपला घालून यावे. तेथे पायवाट नाही.